गाळाचा जबाब

१८ सप्टेंबर १६०१ ची रात्र. दोनच्या सुमारास मध्य स्वित्झर्लंडला मोठा हादरा बसला. ल्युसर्न गावचा नगरलेखक रेनवर्ड सिसाट याला दिसेल ते टिपून ठेवायची खोड होती. आपल्याकडे जन्माला आला असता तर बखरी लिहीत बसला असता. त्यानं लिहून ठेवलं, की गावालगतच्या तळ्याचं पाणी मागेपुढे हेलकावू लागलं. तळ्यातून निघून गावामधून वाहणारी रॉइस नदी पात्रात आटली, इतकी की माणसं जवळपास कोरड्या पायांनी पलीकडे जाऊ शकली. मग पाणी परत आलं, पुन्हा ओसरलं. किनाऱ्यावर काही ठिकाणी चार मीटरपर्यंत उंच लाटा चढल्या असाव्यात, असं आता मानतात. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि डोंगरातल्या गोड्या पाण्यात त्सुनामी!

युरोपच्या सहलीला गेलेली आपली मंडळी ल्युसर्नच्या ज्या जुन्या लाकडी पुलावर फोटो काढून घेतात, तो पूल याच रॉइसवर आहे. खाली हंस पोहत असतात, पाणी नितळ असतं. या पाण्यानं एका रात्री नदी उलटी फिरवली होती, हे तिथं उभं राहून खरं वाटत नाही.

खरं वाटायला तळ्याच्या तळाशी जावं लागतं. जवळपास चारशे वर्षांनी झुरिकच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातले मायकेल श्नेलमान, फ्लाव्हिओ आन्सेल्मेटी आणि त्यांचे सहकारी होडीला ध्वनियंत्र बांधून या तळ्यावर फिरले. यंत्र पाण्यात आवाजाचे ठोके सोडतं. काही आवाज तळावरून परततो, काही गाळात शिरून आतल्या एकेका थरावरून परततो. त्या परतीच्या आवाजातून गाळाचा उभा छेद कागदावर उमटतो. शांतपणे साचलेला गाळ त्यात वहीच्या कडेसारखा दिसतो, एकावर एक बारीक रेघा. पण मध्येच काही ठिकाणी रेघा नाहीशा होतात आणि धुरकट, विस्कटलेला गोळा दिसतो. तळ्याच्या उतारावरचा गाळ कधीतरी सुटून घसरला आणि खाली येऊन पडला, त्याचा तो ढीग.

असे ढीग अनेक निघाले. महत्त्वाचं हे, की तळ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना पडलेल्या कित्येक ढिगांचा माथा एकाच रेघेला लागत होता. म्हणजे ते सगळे एकाच वेळी घसरले होते. त्या रेघेचं वय काढलं, तर ती सतराव्या शतकाच्या तोंडाशी येत होती. सिसाटच्या नोंदीला साक्षीदार मिळाला.

आमच्याकडे तळ्यातला गाळ ही शेतात नेऊन टाकायची वस्तू. उन्हाळ्यात धरणं उघडी पडली की ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाची सरकारी योजनाही आहे. तिकडे तोच गाळ नळ्यांत भरून शीतगृहात जपून ठेवतात. दोघांचंही बरोबर आहे. पण गाळात जे लिहिलेलं असतं ते वाचायचं, तर तो जसा साचला तसाच, उभाच्या उभा वर काढावा लागतो.

तराफा तळ्याच्या मध्यावर नांगरतात आणि लांब नळी तळात दाबतात किंवा ठोकतात. ती वर काढली की चिखलानं भरलेली असते. प्रयोगशाळेत नळीचं कवच दोन्ही बाजूंनी करवतीनं कापायचं, मग साबणाची वडी कापावी तशी मधून तार ओढायची. गाळाचे दोन अर्धे भाग उघडतात आणि अनेकदा खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो, कारण खाली प्राणवायू नसताना कुजलेल्या गोष्टी आत कोंडलेल्या असतात. पातं फिरवून पृष्ठभाग साफ केला की ताजे रंग दिसतात. हवा लागताच ते बदलू लागतात, म्हणून फोटो लगेच काढायचा. एक अर्धा भाग कामाला घेतात. दुसरा जपून ठेवतात, कारण आज न सुचलेला प्रश्न उद्या कुणालातरी सुचणार असतो.

या कापलेल्या नळीत भूकंप कसा दिसतो?

घरात रांजण असायचे त्या काळातल्या लोकांना हे सांगायला नको. पावसाळ्यातलं गढूळ पाणी रांजणात ओतलं की जाड रेती आधी तळाला बसते, मग बारीक वाळू, मग माती. अगदी बारीक चिकणमाती मात्र तुरटी फिरवल्याशिवाय लवकर खाली येत नाही. तळ्यात भूकंपानंतर हेच होतं, फक्त रांजण काही किलोमीटर लांब असतो. हादऱ्यानं उतारावरचा गाळ सुटतो, पाण्यात मिसळून जड गढूळ लोंढा होतो आणि तळाच्या सखल भागाकडे धावतो. तो थांबला की निवळणं सुरू होतं. नळीत बोट फिरवलं तर खाली खरखर लागते, वर जाताजाता ती कमी होते आणि सगळ्यात वर लोण्यासारखा मऊ, फिकट थर येतो. त्यावर पुन्हा नेहमीच्या बारीक रेघा सुरू. खालच्या शांत गाळाची आणि या थराची सीमा सुरीनं कापल्यासारखी स्पष्ट असते.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. पण असाच थर पुरानंही तयार होतो. नदीच्या मुखाशी साठलेला ढीग स्वतःच्या ओझ्यानं कोसळला, तरी होतो. भूकंपाचं नावही नसताना.

ल्युसर्नच्याच तळ्यात याचा नमुना आहे, तोही लेखी पुराव्यासकट. १६८७ च्या सप्टेंबरात ब्रुनेन गावाजवळ मुओटा नदीच्या मुखापाशी साचलेला गाळ अचानक पाण्याखाली कोसळला आणि किनाऱ्यांवर मोठ्या लाटा आदळल्या. त्या दिवशी भूकंप झाल्याची नोंद नाही. सिसाटसारखे नोंदी ठेवणारे नसते, तर पुढच्या पिढ्यांनी १६०१ आणि १६८७ असे दोन भूकंप मोजून मोकळं व्हायचं. तळातली ध्वनिचित्रं मात्र फसत नाहीत. १६०१ चे ढीग तळ्याच्या चारी बाजूंना आहेत. १६८७ ची घसरण एकाच कोपऱ्यातून आली. एक दरड कोसळायला शंभर कारणं असू शकतात. लांबलांबचे, एकमेकांशी संबंध नसलेले उतार एकाच वेळी सुटायला मात्र सगळी जमीनच हलावी लागते.

मला या शास्त्रातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. साक्षीदार एकटा असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही; अनेकांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे आणि ते जुळतात का ते पाहायचं. मायकेल श्ट्रासर आणि सहकाऱ्यांनी पुढे ल्युसर्नबरोबर झुरिकच्या तळ्यालाही साक्षीला उभं केलं. दोन्ही तळ्यांत एकाच काळी सुटलेले ढीग जुळवले, तेव्हा गेल्या सुमारे पंधरा हजार वर्षांत तीन खूप मोठे भूकंप सापडले: साधारण २२००, ११६०० आणि १३८०० वर्षांपूर्वीचे. १६०१ पेक्षाही मोठे. तेव्हा आल्प्सच्या या भागात ते लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

आता वय काढण्याबद्दल, कारण उलटतपासणीत वकील पहिला हल्ला तिथंच करतो. गाळातलं पान, काडी, बी सापडली की कार्बन-१४ मोजतात. त्याचं प्रमाण ५७३० वर्षांनी निम्मं होतं. पण घसरून आलेल्या थरातलं पान त्या थराच्या वयाचं असेलच असं नाही. ते वरच्या उतारावर हजार वर्षं पडून असू शकतं. म्हणून शहाणी माणसं थराच्या आतलं पान सोडून लगतच्या खालच्या आणि वरच्या शांत गाळातलं पान घेतात. अलीकडच्या काळासाठी वेगळी सोय आहे. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेलं सीझियम-१३७ सन १९६३ च्या आसपास सगळीकडच्या गाळात सर्वाधिक उतरलं, आणि युरोपातल्या अनेक तळ्यांत १९८६ च्या चेर्नोबिलचाही ठसा आहे. माणसानं स्वतःच्या मूर्खपणाच्या तारखा गाळात इतक्या नेमक्या घालून ठेवल्या आहेत, की शास्त्रज्ञांना त्या उपयोगी पडाव्यात.

सगळ्यात भाग्यवान तळी म्हणजे जिथं दरवर्षी मोजून थरांची एक जोडी बसते. झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखं वर्षं मोजत खाली जायचं. मृत समुद्र, म्हणजे इस्रायल आणि जॉर्डनच्या मधलं खारट सरोवर, त्यांतलं सगळ्यात देखणं. हिवाळ्याच्या पुराबरोबर गडद माती येते, आणि कोरड्या उन्हाळ्यात पाण्यातून पांढरा चुना जमतो. गडद, पांढरा, गडद, पांढरा, केसाएवढ्या जाडीच्या रेघा. मृत समुद्राच्या आधी तिथं असलेल्या जुन्या सरोवराचा असा गाळ आता काठच्या दरडींमध्ये उघडा पडला आहे. चालत जाऊन हात लावता येतो.

त्या सरळ रेघांच्या मध्येच बोटभर जाडीच्या पट्ट्यात सगळं बिनसतं. काही ठिकाणी रेघा नुसत्या नागमोडी झालेल्या. काही ठिकाणी लाट फुटण्याआधी वाकते तशा एका बाजूला कललेल्या. काही ठिकाणी पूर्ण भोवरे. आणि काही ठिकाणी रेघांचे तुकडेतुकडे होऊन माव्यात सुका मेवा रुतावा तसे गाळात रुतलेले. त्या पट्ट्याच्या वर पुन्हा शिस्तीत सरळ रेघा. हा गाळ कुठून घसरून आलेला नाही, तो जागच्या जागी ढवळला गेला. वारा पाण्यावरून वाहताना लाटा उठतात, तसंच इथं दोन थर एकमेकांवरून वेगवेगळ्या वेगानं सरकले. हादरा सौम्य असेल तर नुसती नागमोड, वाढेल तसे भोवरे, आणि फार मोठा असेल तर चुरा. म्हणजे इथं भूकंप झाला एवढंच कळत नाही, तर तो किती जोराचा झाला हेही आकारावरून वाचता येतं. २०१० ते ११ मध्ये सरोवराच्या मध्यावर आंतरराष्ट्रीय मोहिमेनं ४५७ मीटर खोल भोक पाडून गाळ वर काढला. त्याच्या अभ्यासातून २ लाख २० हजार वर्षांचा भूकंपांचा इतिहास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिथं ७ किंवा त्याहून अधिक क्षमतेचे भूकंप सरासरी तेराशे-चौदाशे वर्षांनी होतात. मात्र सरासरी हा शब्द इथं फसवा आहे. ते ठरावीक अंतरानं येत नाहीत, झुंडीनं येतात आणि मग लांब गप्प बसतात.

चिलीची गोष्ट याहून थरारक आहे.

२२ मे १९६० रोजी दक्षिण चिलीला ९.५ क्षमतेचा भूकंप झाला. यंत्रांनी मोजलेला आजवरचा सर्वात मोठा. वाल्दिव्हिया शहर उद्ध्वस्त झालंच, शिवाय वरच्या अंगाला असलेल्या रिनिउए तळ्याच्या तोंडाशी डोंगर कोसळून नदी अडली. तळं चढू लागलं. हा बांध फुटला असता तर खालची गावं, आणि नुकतंच उद्ध्वस्त झालेलं वाल्दिव्हियाही, वाहून गेलं असतं. चिखलात बुलडोझर रुतायचे, म्हणून राउल सायेस या अभियंत्याच्या देखरेखीखाली माणसांनी फावड्यांनी बांध खणून काढला. २४ मीटरचा बांध १५ मीटरवर आणला आणि जुलैमध्ये पाणी त्यातल्या त्यात हळू उतरवलं.

घाई कशाला, असं कुणी म्हणालं असतं तर उत्तर तयार होतं. १६ डिसेंबर १५७५ ला तिथं असाच महाभूकंप झाला होता आणि हेच तळं असंच अडलं होतं. तेव्हा कुणी खणलं नाही. चार महिन्यांनी, एप्रिल १५७६ मध्ये बांध फुटला आणि लोंढ्यानं खालचं खोरं धुऊन नेलं. स्पॅनिश इतिहासकार पेद्रो मारिन्यो दे लोबेरा त्या वेळी वाल्दिव्हियात अधिकारी होता, त्यानं हे लिहून ठेवलं.

बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाचे यास्पर मूर्नाउट, मार्क दे बातिस्त आणि सहकारी याच रिनिउए तळ्यात आणि शेजारच्या कालाफकेन व विलारिका तळ्यांत नळ्या घेऊन उतरले. लेखी नोंदींत तिथले चार मोठे भूकंप होते: १५७५, १७३७, १८३७ आणि १९६०. कागदावर चारही एका ओळीत बसलेले. गाळात मात्र प्रत्येकाच्या थराची जाडी वेगळी. हादरा जितका जोराचा, तितका गढूळ थर जाड. मग ही पट्टी घेऊन ते नोंदींच्या पलीकडे, जवळपास पाच हजार वर्षं मागे गेले. १९६० सारखा महाभूकंप तिथं सरासरी २९२ वर्षांनी येतो, असं निघालं. पण शंभरेक वर्षांचा फरक दोन्ही बाजूंना धरावा लागतो. ज्यांना नेमकी तारीख हवी असते त्यांची अशा उत्तरानं निराशा होते. घर बांधणाऱ्याला मात्र ते पुरतं.

या कामात एक जुनी शंकाही मिटली. एकदा सगळा गाळ उतारावरून घसरून गेल्यावर पुढच्या भूकंपाला तिथं घसरायला उरतंच काय? तळं रिकामा साक्षीदार होत नाही का? चिलीत दिसलं, की बहुतेक वेळा उतार पूर्ण कोसळत नाही. हादऱ्यानं वरचा काही सेंटिमीटर मऊ गाळ तेवढा उडतो, आणि तो थोड्याच वर्षांत पुन्हा साचतो. तळं पुढच्या हादऱ्यासाठी तयार असतं.

पण प्रत्येक तळ्याचा कान सारखा तिखट नसतो. तीव्र उताराचं, भराभर गाळ साचणारं तळं लहान हादऱ्यालाही दाद देतं. सपाट, संथ तळं शेजारचं गाव पडलं तरी ढिम्म. म्हणून आधी माहीत असलेल्या भूकंपांवर तळ्याची परीक्षा घ्यायची आणि मगच त्याला प्राचीन काळाबद्दल विचारायचं. एकदा कान माहीत झाला, की तळ्याच्या गप्प बसण्यालाही अर्थ येतो. या तळ्यात हजार वर्षांत काही नाही, म्हणजे इतक्या जोराचा हादरा इथं बसलाच नाही, असं छातीठोक सांगता येतं. जुन्या कागदांच्या मौनावरून असं कधीच सांगता येत नाही. तिथं भूकंप झाला नव्हता की लिहिणारा मेला होता, कोण सांगणार?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या मापोरिका आणि पारिंगा तळ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तिथल्या अल्पाइन भ्रंशावरचा, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेवरचा, शेवटचा मोठा भूकंप १७१७ च्या सुमाराचा. गाळात प्रत्येक भूकंपाच्या थरानंतर पुढची सुमारे पन्नास वर्षं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त गाळ येत राहिलेला दिसतो. हादऱ्यानं डोंगर खिळखिळे होतात, दरडी सैल पडतात, आणि दर पावसात नद्या ते सामान खाली आणत राहतात. हादरा संपायला मिनिटभर, डोंगर सावरायला दोन पिढ्या.

हिमालयाबद्दल बोलायचं तर पश्चिम नेपाळातल्या रारा तळ्याकडे जायला हवं. सुमारे तीन हजार मीटर उंचीवर असलेलं हे नेपाळमधलं सगळ्यात मोठं तळं. त्या भागात १५०५ मध्ये प्रचंड भूकंप झाला आणि त्यानंतर मोठं काही घडलं नाही, असं मानून तिथं पाचशे वर्षांचा ताण साचला आहे अशी मांडणी होत असे. राराच्या तळातून काढलेल्या गाळात १५०५ नंतरच्याही मोठ्या हादऱ्यांच्या खुणा निघाल्या. धोका टळला असा याचा अर्थ नाही. पण हिशेबाची वही पुन्हा मांडावी लागली.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात मोठी नैसर्गिक तळी नाहीतच म्हणायला हरकत नाही. लोणार आहे, त्याच्या गाळातून हजारो वर्षांच्या पावसाचा हिशेब काढला गेला आहे. बाकी आपलं मोठं पाणी म्हणजे धरणं, आणि गाळाच्या मानानं ती तान्ही. कोयनेचा शिवसागर १९६२ पासून भरू लागला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. तिथं तर जलाशयच भूकंपाचं निमित्त ठरला, आणि त्याच्या तळाशी त्या पहाटेनंतरचा गाळ साचतो आहे.

किल्लारीचा प्रश्न याहून अवघड होता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि हजारो माणसं गेली. त्याआधी हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं सुरक्षित मानला जात होता, कारण तिथं पूर्वी काही झाल्याचं कुणी लिहिलेलं नव्हतं. सिसाट नव्हता. तळंही नव्हतं.

नदी होती. किल्लारीपासून काही अंतरावर, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी तेर आहे. सातवाहनांच्या काळातलं तगर, समुद्रपार व्यापार करणारं गाव, गोरोबाकाकांचं गाव. भूकंपानंतर भूशास्त्रज्ञ सी. पी. राजेंद्रन यांनी तिथं तेरणेच्या काठची उभी दरड वाचली. पुरानं साचलेले मातीचे थर एका ठिकाणी सरळ नव्हते. वाकलेले, मुडपलेले होते. मृत समुद्राच्या काठी जे दिसतं, त्याचंच गावठी भावंड. वय निघालं सुमारे दीड हजार वर्षं. म्हणजे मराठवाड्याची ही जमीन पहिल्यांदा १९९३ मध्ये हलली नव्हती. तगरच्या बाजारात कुणाच्या तरी रांजणातलं पाणी एकदा असंच ढवळलं होतं, आणि त्याची साक्ष द्यायला नदीकाठची दरड तेवढी उरली होती. वाचायला माणूस मात्र किल्लारी पडल्यावर गेला.